माथेरानची गाडी आणि आमचं देवळाली स्टेशन

देवळाली कॅम्पहून आम्ही गटाच्या बाया बोलतोय. मागच्या खेपेला आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो, त्याआधी पापडाच्या पॅकिंगबद्दल. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, यांना झालंय तरी काय? आज आम्ही रेल्वेबद्दल बोलणार आहोत. तीही जुन्या, वाफेच्या रेल्वेबद्दल.

झालं असं, की यंदा थंडीत गटाची सहल काढायची ठरली. शिर्डी झाली होती, वणी झाली होती, त्र्यंबक तर आपल्या दारातच. कुणीतरी माथेरानचं नाव काढलं. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, तो श्रीमंतांचा डोंगर, आपण तिथं जाऊन काय करणार? दुसरा म्हणाला, तिथली छोटी गाडी बघायची. यावर आमच्या एका हिशेबी मैत्रिणीनं विचारलं, "गाडी बघायला पैसे कशाला? आपल्या स्टेशनात रोज पन्नास गाड्या फुकट दिसतात." प्रश्न चोख होता. पण आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी, पंच्याहत्तरीच्या, त्या म्हणाल्या, "मला वाफेचं इंजिन पुन्हा एकदा बघायचंय." त्यावर कुणी काही बोललं नाही. बचतीला हात लावायचा नाही, ज्यानं त्यानं आपली वर्गणी काढायची, असं ठरलं आणि आम्ही चौदाजणी निघालो.

आता मावशींना वाफेचं इंजिन का बघायचं होतं ते सांगतो. मावशींचे वडील रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा घेऊन रुळाच्या कडेनं चालायचं, सैल झालेली चावी ठोकायची, खडी सारखी करायची, हे त्यांचं काम. मुंबईहून इगतपुरीपर्यंत विजेची इंजिनं 1930 पासूनच यायला लागली होती. पण इगतपुरीच्या पुढं, म्हणजे आपल्या बाजूला, वीज यायला 1967-68 उजाडलं. तोवर इगतपुरीला गाडीचं विजेचं इंजिन सोडायचं, वाफेचं जोडायचं, आणि मग ती धूर सोडत घोटी, लहवित करत देवळालीत यायची. मावशींचं सगळं लहानपण त्या धुरात गेलं. वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर काळे ठिपके पडायचे. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कण गेलाच म्हणून समजा. आणि इंजिनाची राख जिथं टाकत, तिथं या पोरी टोपल्या घेऊन जायच्या. अर्धवट जळालेले कोळसे वेचून आणायचे, घरच्या शेगडीत घालायचे. मावशी म्हणतात, "आमच्या भाकरी रेल्वेच्या कोळशावर भाजल्यात."

हे सगळं आम्हाला सहलीच्या निमित्तानं कळलं. दहा वर्षं दर आठवड्याला एकत्र बसतो, पण कुणी कधी विचारलंच नव्हतं.

माथेरानची गाडी नेरळहून सुटते. नेरळ हे कल्याण आणि कर्जतच्या मधलं स्टेशन. देवळालीहून निघून सकाळची गाडी गाठणं जमत नाही, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच गेलो आणि बदलापूरला एका मैत्रिणीच्या नणंदेकडे मुक्काम केला. चौदाजणी एका हॉलमध्ये. त्या नणंदबाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. पहाटे उठून लोकलनं नेरळला गेलो, खिडकीपुढं रांग लावली, आणि हाती तिकिटं आली आठ. गाडी लहान, जागा थोड्या. आठजणी गाडीनं जाणार, सहाजणी जीपनं. मावशी आणि गुडघेदुखीवाल्या दोघी सोडून बाकीच्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांनी तोंड पाडलं, पण दस्तुरी नाक्यापर्यंत जीपनं जाऊन पुढं अमन लॉज ते माथेरान ही शेवटची तीनेक किलोमीटरची फेरी त्यांनाही गाडीनंच करायला मिळाली. तुम्ही गेलात तर हे ध्यानात ठेवा. भल्या सकाळी रांगेत लागा, आणि नेरळला तिकीट नाही मिळालं तर हा दुसरा रस्ता आहे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, वरची छोटी फेरी तेवढी चालू ठेवतात.

आता गाडीचा इतिहास. ही गाडी सरकारनं बांधलेली नाही. आदमजी पीरभॉय नावाचे मुंबईचे एक बोहरी व्यापारी होते. सांगतात की लहानपणी गरिबीमुळं ते रस्त्यावर काड्यापेट्या विकायचे. पुढं लष्कराला तंबू पुरवायचा मोठा धंदा त्यांनी उभा केला. आपण कॅम्पातल्या बाया, लष्कराला माल पुरवणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या काळी माथेरानला जायचं म्हणजे नेरळहून घोडा, डोली नाहीतर पाय. एकदा आदमजींना नेरळला यातलं काहीच मिळालं नाही आणि त्यांनी तिथंच ठरवलं की इथं रेल्वे आणीन, अशी एक गोष्ट सांगितली जाते. खरी किती, खोटी किती, देव जाणे. पण रेल्वे झाली हे खरं. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यानं डोंगर पालथा घालून मार्ग आखला, 1904 मध्ये काम सुरू झालं, आणि 1907 मध्ये गाडी धावली. खर्च आला सोळा लाख रुपये. तेव्हाचे सोळा लाख.

रूळ किती रुंद? दोन फूट. आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याएवढे. आपल्या देवळालीच्या रुळांत साडेपाच फुटांचं अंतर आहे. एवढे अरुंद रूळ का, तर डोंगरात जागा नाही आणि वळणं अतिशय आवळ. एकवीस किलोमीटरमध्ये गाडी आठशे मीटर उंचीवर जाते. चढ कसा, तर काही ठिकाणी वीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. आपला कसाऱ्याचा घाट आपल्याला केवढा वाटतो, तिथं सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. यावरून अंदाज करा.

या वळणांवर साधं इंजिन चाललं नसतं. साध्या इंजिनाची चाकं सांगाड्यात ताठ बसवलेली असतात, आवळ वळणावर ती रुळावरून उतरतील. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस थोडा इकडंतिकडं सरकेल अशी खास इंजिनं जर्मनीतल्या कारखान्यातून बनवून आणली. चार इंजिनं होती. त्यांचा आराखडा एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचा. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याची दुसरी रेल्वे आपल्या आजी-पणजींना ठाऊक होती. ती म्हणजे बार्शी लाईट रेल्वे, 1897 मध्ये सुरू झालेली, पुढं 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत गेलेली. किती वारकरी बायांनी त्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीतून विठोबा गाठला असेल! ती लाईन आता मोठी झाली, जुनी गाडी गेली. आपल्या नाशिकलासुद्धा स्टेशनापासून गावात मेनरोडपर्यंत ट्राम होती, घोडे ओढायचे. तीही 1930 च्या सुमारास बंद पडली. आज नाशिकरोडला उभं राहून विचारा, ट्रामचे रूळ कुठं होते? सांगणारं माणूस सापडणं मुश्कील.

नेरळला दार्जिलिंगच्या रेल्वेतलं एक जुनं वाफेचं इंजिन ठेवलेलं आहे, 794 नंबरचं. माथेरानची मूळची चार इंजिनं 1982 पर्यंत चालली, मग पूर्णपणे डिझेल आलं. त्या चारांतलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक तर पार इंग्लंडात गेलं. म्हणून मावशींना बघायला मिळालं ते हे दार्जिलिंगचं पाहुणं. त्या जवळ गेल्या, चष्मा पुसला, आणि मग आम्हा सगळ्यांची शाळा घेतली. इथं फायरमन उभा राहायचा, हे कोळशाचं तोंड, ही पाण्याची टाकी. शिकलेल्या मुलींना जे सांगता आलं नसतं ते त्यांनी कुकरवरून सांगितलं. कुकरमध्ये पाणी उकळलं की वाफ शिट्टी उचलते ना? इंजिनाचा बॉयलर म्हणजे मोठा कुकर. फक्त ती वाफ शिट्टी उचलण्याऐवजी नळीतून दट्ट्यावर सोडायची. दट्ट्या मागं-पुढं होतो, त्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते, तोच तो भक्-भक् आवाज. आमच्यातली सर्वात धाकटी, बारावी सायन्स झालेली, ती म्हणाली, "मावशी, हे मला परीक्षेच्या आधी का नाही सांगितलं?"

वाफेच्या इंजिनाला कोळशाबरोबर पाणीही लागतं. म्हणून वाटेत एका स्टेशनाचं नावच आहे वॉटर पाईप. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान, अशी स्टेशनं. अख्ख्या वाटेवर बोगदा एकच, आणि तोही एवढासा. त्याचं जुनं इंग्रजी नाव वन किस टनेल. म्हणजे अंधार एवढाच टिकतो की नवराबायकोला एक मुका घेता येईल. गाडीतल्या एका काकांनी हे मोठ्यानं सांगितलं आणि आमच्या आठजणींची अशी हसून पुरेवाट झाली की बोगदा आला कधी आणि गेला कधी, कुणालाच कळलं नाही.

उतरताना गाडी आवरायची कशी, याचीही एक रीत होती. जुन्या काळी डब्यांच्या मध्ये ब्रेक धरायला माणसं उभी असायची. ड्रायव्हर शिट्टी मारायचा, त्या शिट्टीच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम चाक आवळायचं किंवा सैल करायचं. एकाचा हात चुकला तर सगळ्या गाडीला धोका. आम्हाला हे ऐकून आपल्या गटाचीच आठवण झाली, हप्ता एकीनं चुकवला तर सगळ्यांना झटका बसतो.

आता खरा मुद्दा. ही गाडी एकशे अठरा वर्षं चालली, ती आपोआप नाही. 26 जुलै 2005 चा पाऊस आठवतोय ना? मुंबई बुडाली होती. त्या पावसात या डोंगरावरचे रूळ वाहून गेले, खालची मातीच गेली, कितीतरी ठिकाणी रूळ नुसते हवेत लटकत होते. पुन्हा गाडी सुरू झाली मार्च 2007 मध्ये, शंभरावं वर्ष भरलं तेव्हा. 2016 च्या मे महिन्यात डबे रुळावरून घसरले आणि गाडी पुन्हा बंद. माथेरानच्या लोकांनी सारखी मागणी लावून धरली, तेव्हा 2017 मध्ये वरचा टप्पा आणि 2018 च्या जानेवारीत सगळा मार्ग सुरू झाला. 2019 च्या पावसात पुन्हा दरडी. नेरळहून थेट गाडी परत यायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे दर वेळी कुणीतरी म्हणू शकलं असतं की पुरे झालं, आता रूळ उचला. जगात हे नेहमी होतं. इंग्लंडजवळच्या वेल्समध्ये टॅलिलिन नावाची अशीच एक छोटी रेल्वे बंद पडायला आली होती. 1951 मध्ये साध्या नोकरदार माणसांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन जाऊन ती चालवायला घेतली. लोकांनी स्वतः हौसेनं वाचवलेली ती जगातली पहिली रेल्वे मानतात. आपल्याकडं दार्जिलिंगच्या रेल्वेला 1999 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला, मग निलगिरी, मग कालका-शिमला. माथेरानचं नाव अजून संभाव्य यादीत आहे.

आमच्या त्या हिशेबी मैत्रिणीनं डब्यात बसल्या बसल्या विचारलंच, "एवढा खर्च, एवढे थोडे प्रवासी, ही गाडी तोट्यातच असणार. मग कशाला चालवायची?" तोटा आहे हे लोक सांगतातही. पण तोटा मोजताना फक्त तिकिटं मोजतात. वर माथेरानला मोटार जात नाही, तिथलं पोट येणाऱ्या माणसांवर. चिक्की, चपला, मध, जेवण, घोडे, खोल्या. वर आम्हाला खालच्या वाडीतून टोपली घेऊन चढून आलेली एक ठाकर बाई भेटली. रानभाजी आणि लिंबं होती तिच्याकडं. आम्ही विचारलं, तुम्ही गाडीनं येता का? ती हसली. "गाडी आमच्यासाठी नाही गं बाय. पण गाडी माणसं आणते, मग माझी टोपली रिकामी होते. गाडी बंद होती तेव्हा मी टोपली तशीच खाली न्यायची." आता हिचा पैसा गाडीच्या नफ्यात कोण धरतं? आपण घरात दिवसभर राबतो ते तरी कोण धरतं? हिशेबी मैत्रीण यावर गप्प झाली. मग म्हणाली, "तिची टोपली वरपर्यंत गाडीत आणू दिली असती तर बरं झालं असतं." हेही खरंच. गाडीचं कौतुक करताना हेही बोलायला हवं, की एकशे अठरा वर्षांत त्या बाईच्या डोक्यावरचं ओझं काही उतरलं नाही. वर तर माणूस माणसाला बसवून हातानं रिक्षा ओढायचा. ती प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं, आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात असंही सांगितलं. डोली होती, मग गाडी आली, तरी ओढणारे राहिलेच होते.

परतीच्या वाटेवर, कसारा सोडल्यावर, आम्ही आपल्या स्टेशनाबद्दल बोलायला लागलो. देवळालीत काय जपलंय? इंग्रजांनी 1861 च्या सुमारास इथं छावणी टाकली. परदेशातून आलेले आणि परत जाणारे गोरे सैनिक इथं बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने थांबायचे, आणि त्या कंटाळ्यात काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला "डूलाली" म्हणायची पद्धत पडली, म्हणजे आपल्या गावाचं नाव! हे आपल्या पोरांना माहीत नाही. 7 ऑगस्ट 2020 ला देशातली पहिली किसान रेल्वे भाज्या-फळं घेऊन बिहारच्या दानापूरला निघाली, ती आपल्याच स्टेशनातून. आपल्यातल्या कितीजणींच्या शेतातला माल त्या दिवसांत रेल्वेनं गेला असेल. त्याचाही फलाटावर कुठं कागद लावलेला आम्ही पाहिला नाही.

आम्ही काही स्टेशनात इंजिन आणून उभं करू शकत नाही. ते रेल्वेचं काम. पण मावशींचं बोलणं टिपून ठेवणं आमच्या हातात होतं. ते आम्ही केलं. गेल्या रविवारी रेडिओ केंद्रातल्या मुलीनं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. आधी आम्ही कागदावर प्रश्न लिहून नेले होते, अगदी बीएच्या परीक्षेसारखे. मावशी त्या प्रश्नांना अडखळायला लागल्या, "मला तसलं काय माहीत नाही" म्हणाल्या. मग कागद बाजूला ठेवला, शेंगा सोलायला घेतल्या, आणि त्या आपोआप बोलायला लागल्या. वडिलांच्या कंदिलाबद्दल, रात्री पावसात रूळ बघायला निघताना आई त्यांच्या फडक्यात काय बांधून द्यायची त्याबद्दल, कोळसा वेचताना हाकलणाऱ्या माणसाबद्दल, आणि पहिलं विजेचं इंजिन आलं त्या दिवशी सगळी पोरं रुळाजवळ उभी होती तरी ते एवढ्या गुपचूप आलं की कुणाला पत्ताच लागला नाही, त्याबद्दल. तुम्हीही करणार असाल तर एवढंच करा, हातात काहीतरी काम द्या आणि मध्ये बोलू नका. वय लिहा, गाव लिहा, आणि रेकॉर्डिंग वापरायला हरकत नाही ना, हे आधी विचारा. लहवित, भगूर, नानेगाव, इगतपुरीकडच्या गटांनी आपल्या थोरल्या बायांना विचारावं. ज्यांच्या घरात कुणी गँगमन होतं, फायरमन होतं, फलाटावर कुणी पेरू-उसाचे करवे विकले, त्यांना आधी.

मावशींचं रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं झालंय. मधून शेंगा फुटल्याचा आवाज येतो, आणि सातव्या मिनिटाला मागून खरीच एक गाडी जाते. तेवढं काढून टाकू का, असं त्या मुलीनं विचारलं. आम्ही नको म्हटलं. पुढच्या बुधवारी संध्याकाळी ते ऐकवू.